पांढऱ्या विमानाचा भाव

"मावशी, हा दोरा कोणत्या रंगाचा आहे?" वकीलबाईंनी काळा कोट उलटा करून माझ्यासमोर धरला. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

मी चष्मा सारखा केला. ट्यूबच्या उजेडात दुमडीवरचा टाका बारीक, एकसारखा दिसत होता. "काळा. दुसरा कोणता असणार?"

"सकाळी कोर्टाच्या पायऱ्यांवर उन्हात उभी होते. समोरच्या पक्षाचा वकील म्हणतो, 'निळी किनार छान दिसते, नवी फॅशन का?' चारचौघांत हसले हो सगळे."

मग मला पुढे काही विचारायची गरजच उरली नाही. गडद निळं आणि काळं, दोन्ही रिळं माझ्या डब्यात शेजारी शेजारी असतात आणि ट्यूबखाली जुळ्या बहिणींसारखी दिसतात. वकीलबाई अठरा वर्षं माझ्याकडे कपडे दुरुस्तीला देतात. इतक्या वर्षांत एकही टाका उसवावा लागला नव्हता.

"ठेवून जा. उद्या नवा करून देते. पैसे नकोत."

"पैशांचं काय घेऊन बसलात! तुम्ही डोळे तेवढे तपासून घ्या एकदा," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

हे मात्र जिव्हारी लागलं. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. झालंय ते खिडकीला.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. हात बाहेर काढला तर त्यांच्या पाइपला लागतो. बाहेरच्या खोलीची खिडकी मात्र चांगली पुरुषभर उंच आहे, दिवसभर ऊन येईल अशी. तिच्यावर चौदा वर्षं जाड काळ्या अस्तराचा पडदा आहे, एकदाही न सरकवलेला. तो मीच शिवला. इतका नीट शिवला की उन्हाची एक रेघसुद्धा आत येत नाही. कधीकधी वाटतं, तेवढं एक काम वाईट करायला हवं होतं.

पडदा कशासाठी, तर समोरच्या काचेच्या कपाटात ह्यांच्या गाड्या आहेत म्हणून. आमच्या ह्यांना साधी सायकलही येत नाही. एकमेकांत खटकन बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या या गाड्या, आणि त्याही साध्यासुध्या माणसांच्या नव्हेत. सिनेमातले ते मुखवटे घालून जग वाचवणारे लोक असतात ना, त्यांच्या. एक लांबलचक काळी मोटार, जिच्या मागून आग निघते. एक भिंतीवर चढणारी जीप. एक पाण्याखालची बोट. आणि सगळ्यात वरच्या फळीवर, मानाच्या जागी, पांढरं विमान. इमारतीतले लोक ह्यांना गॅरेजवाले म्हणतात आणि हेही हसून मान डोलावतात.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. कचेरीच्या तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत ह्यांची एकोणतीस वर्षं गेली. तिथे खिडकीच नाही. त्यामुळे घरातल्या अंधाराचं ह्यांना काही वाटत नाही आणि मला वाटत असेल, हे कधी ध्यानातच आलं नाही. पांढरं विमान जोडायला अकरा रविवार लागले होते. शेवटचा तुकडा, चालकाच्या डोक्यावरची काच, हातात घेऊन हे स्वयंपाकघराच्या दारात आले होते. "हा तू बसव," म्हणाले. माझे हात ओले होते. मी पदराला पुसून तो बसवला, तर ह्यांनी टाळी वाजवली.

पुढे त्या गाड्या बाजारात येणं बंद झालं आणि जुन्यांना भाव चढला. तेव्हापासून आमच्याकडे रविवार म्हणजे भाव. हे मऊ ब्रशने गाड्यांवरची धूळ झाडतात आणि मोबाइलवर बघून मोठ्याने वाचतात. "काळीचा स्थिर आहे. जीप थोडी उतरली. पांढरं बघ, पांढरं! गेल्या महिन्यापेक्षा वर!" आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच. "पण रंग टिकला तर हं. ऊन लागलं की पांढरा ठोकळा पिवळा पडतो आणि पिवळ्या विमानाला कुणी कुत्रं विचारत नाही."

मी म्हणायचे, "अहो, मग विकून टाका ना एकदाचं."

"अगं, थोडी कळ काढ. पांढरं आणखी चढू दे. मी रिटायर झालो की सगळंच काढू आणि दोन खिडक्यांचं घर घेऊ. एका खिडकीत तुझं मशीन."

त्या दोन खिडक्यांच्या आशेवर मी एक खिडकी बंद ठेवून बसले. दोरा जुळवायचा झाला की कापड आणि रिळं पिशवीत टाकून तीन मजले उतरायचे, फुटपाथवर उभं राहून उन्हात रंग लावून बघायचे आणि परत तीन मजले चढायचे. खालचा वॉचमन म्हणायचा, "आल्या रंगवाल्या बाई!" चौदा वर्षं हे चाललं. यंदा उजवा गुडघा सुजला. हा कोट आला त्या दिवशी म्हटलं, काळ्याला काळा तर लावायचाय, त्यासाठी कशाला उतरायचं? आणि तिथेच घात झाला.

वकीलबाई गेल्यावर मी कोट खांद्यावर टाकला. मग खिडकीपाशी गेले आणि पडदा बाजूला ओढला.

कड्या गंजून दांडीला धरल्या होत्या. दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा कुठे त्या सरकल्या. आणि ऊन असं आत आलं की मी डोळ्यांवर हातच धरला. मशीनच्या पाट्यावरची नक्षी दिसली. जमिनीवर पडलेल्या टाचण्या दिसल्या. माझ्या हातांवर इतके डाग आहेत हेही तेव्हाच कळलं. मी खुर्ची खिडकीत ओढली, निळा दोरा उसवला, काळा घेतला आणि शिवायला बसले. सुईत दोरा पहिल्या फटक्यात गेला. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

शिवता शिवता मनात बोलणंही तयार होत होतं. संध्याकाळी हे आले की सांगायचं, 'आजपासून पडदा उघडा राहणार. तुमच्या गाड्या पलंगाखाली ठेवा, नाहीतर कचेरीच्या तळघरात न्या. मला धंदा करायचाय.' शब्द न् शब्द ठरला. शेवटची गाठ मारून मी दोरा तोडला आणि ह्यांच्या लाडक्या गाड्यांकडे एक रागाचा दृष्टिक्षेप टाकायला मान वळवली.

पांढरं विमान पांढरं नव्हतं.

मी जवळ गेले. कपाट उघडलं. अर्धं विमान जुन्या उशीच्या अभ्र्यासारखं पिवळं पडलं होतं. दुसरी बाजू स्वच्छ पांढरी. पिवळी बाजू होती ती ट्यूबकडची. वरच्या फळीपासून ट्यूब हातभर अंतरावर आणि पडदा बंद म्हणून ती चौदा वर्षं रोज सकाळपासून जळत होती, मला शिवता यावं म्हणून. उन्हाने कधी स्पर्शही केला नव्हता, हे ट्यूबनेच केलं. आणि ट्यूबच्याच उजेडात ते कुणाला दिसणार? तिथे पांढरं आणि पिवळट सारखंच दिसतं. काळं आणि निळं दिसतं तसंच.

भांडणात जिंकायला याहून मोठा पुरावा मला मिळाला नसता. पण आधी ह्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, टाळी वाजवणारा. मग दुसरं काहीतरी कळलं आणि ते जास्त लागलं. दोन खिडक्यांचं घर गेलं होतं. तोंडाने कितीही कुरकुर केली, तरी मीसुद्धा दर रविवारी कान देऊन भाव ऐकत होते. मनातल्या मनात त्या घरात मशीन कुठे ठेवायचं ते ठरवत होते.

ह्यांना रिटायर व्हायला एक वर्ष आहे. तेव्हा कुणी घेणारा येईल, विमान उजेडात नेऊन बघेल आणि सगळं कळेलच. तोवर ह्यांच्याकडे बावन्न रविवार आहेत. ते काढून घ्यायला माझा हात धजेना. मी विमान होतं तसं ठेवलं. पडदा ओढून घेतला. कड्या या वेळी सहज सरकल्या.

संध्याकाळी हे आले. बूट काढताना कोटाकडे बघून म्हणाले, "काय गं, गप्पशी?"

"काही नाही. एक काम परत आलं होतं. केलं नीट."

"तुझं काम परत आलं?" ह्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "शक्यच नाही. रंगात तू चुकणं शक्यच नाही."

मी चहा ठेवायला आत गेले.

रविवारी ब्रश निघाला. काळीचा स्थिर होता. जीप चढली होती. मग ह्यांनी विमान दोन्ही हातांत अलगद उचललं आणि ट्यूबखाली माझ्यासमोर धरलं. "पांढरं आणखी वर गेलं! बघ ना, चौदा वर्षं झाली, पण रंग कसा दुधासारखा आहे. आहे ना गं?"

ह्यांना सगळं कळतं, फक्त रंगाच्या बाबतीत हे माझा शब्द घेतात. मी मशीन थांबवलं. चष्मा सारखा केला आणि नीट बघितल्यासारखं केलं.

"दुधासारखा," मी म्हटलं.

त्या आठवड्यात रंग चुकण्याची माझी दुसरी वेळ होती. हे खूश होऊन विमान जागेवर ठेवू लागले. मी एक करडं कापड आणि तीन करडी रिळं पिशवीत टाकली, कठड्याला धरलं आणि सुजलेला पाय आधी खाली टाकत एकेक पायरी उतरू लागले.