भूमिका माझ्यावर विसावली तेव्हा

मी एक जुनी बाज आहे. मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या थोडं अलीकडे एक कच्चा रस्ता आत वळतो. तिथे चांगोचं घर आहे आणि त्याच्या अंगणात मी. मित्रांनो, तुमच्यातले कितीतरी जण माझ्यासारख्या बाजेवर कधी निजले नसतील. चार पाय, चार दांडे आणि मधे काथ्याची वीण, एवढाच माझा देह.

चांगोनं नवं घर बांधलं तेव्हा दाराच्या चौकटीतून उरलेल्या सागाचे माझे पाय झाले. वीण त्यानं स्वतः घातली. त्याची बायको पारू दोरीचं दुसरं टोक धरून होती आणि सारखी ओरडत होती, "वढा ना जरा! ढिल्ली ठेवलीव तं पाहुणा भुईला टेकंल." दोघं भांडत भांडत विणत होते, म्हणून की काय, मी चांगली ताठ झाले.

पुढे बरीच वर्षं मी भरपूर कामाची होते. माझ्यावर पापड वाळले, नाचणी वाळली. मळणी आटोपून दमलेली माणसं माझ्यावर आडवी झाली. "चांगोच्या बाजंवर पडलं का पाठ सुटते," असं लोक म्हणत. ते ऐकायला मला फार आवडे. मग घरात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि त्यांच्यामागून गादीची लोखंडी कॉट आली. मला गोठ्याच्या भिंतीला उभं करून ठेवलं. कोंबड्या माझ्या दांड्यावर बसू लागल्या. मधले दोन पेड तुटले. राग नाही आला मला. पण निजल्या बाजेला आकाश दिसतं आणि उभ्या बाजेला भिंत. ते मात्र लागलं.

दोन हजार चार सालच्या हिवाळ्यात एका सकाळी कमळूची जीप अंगणात येऊन थांबली. कमळू चांगोचा शेजारी, टोकावडे ते मुरबाड जीपमध्ये माणसं भरून वडाप चालवायचा. जीपमधून पारूच्या बहिणीचा मुलगा दीपेश उतरला आणि त्याच्या हाताला धरून त्याची बायको भूमिका. तिचे दिवस भरून वर काही दिवस गेले होते. तिचं माहेर डोळखांबच्या आतल्या पाड्यावर, तिथून दवाखाना लांब, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती मुरबाडला सासरीच राहिली होती.

"डाक्टर काय बोलला?" पारूनं पहिलं तेच विचारलं.

"सगळं बरं हाय, बोलला," दीपेश म्हणाला. "सोमवारपर्यंत वाट बघायची, नाय तं दाखल करायचं. जवळपास कुठं नेलंस तं चालंल, पण गाडी हाताशी ठेव, बोलला."

"मावशी, मला दोन दिवस राहू द्या," भूमिका म्हणाली. "तिथं जो तो विचारतो, 'अजून नाय?' दूधवाला पण विचारतो. नळावर पाणी भरायला जायची लाज वाटायला लागलीय." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

पारूनं पुढे एक अक्षर विचारलं नाही. भूमिकेला खुर्चीत बसता येईना, कॉटच्या गादीत ती रुतायला लागली, तेव्हा पारू नवऱ्याला म्हणाली, "ती बाज काढा आधी." चांगोनं मला झाडलं, तुटलेले पेड गाठी मारून जोडले, पायथ्याची दोरी ताणली आणि उंबराच्या सावलीत मांडलं. पारूनं गोधडी घातली. भूमिका कुशीवर झाली, आणि थोड्याच वेळात तिला गाढ झोप लागली. किती दिवसांनी, ते दीपेशच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तो दिवस सुखाचा गेला. तिनं वालाच्या शेंगा सोलल्या, नाचणीची भाकरी मागून घेऊन खाल्ली, चांगोच्या गप्पांना पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यावर येऊन बसली. दोन्ही हात पोटावर. हळूच म्हणाली, "मावशी, उठल्यापासून हललं नाय."

पारूच्या हातातलं सूप खाली आलं. दीपेश पांढराफटक पडला. भूमिकेनंच स्वतःला सावरलं. "डॉक्टर बोललेत, असं वाटलं तर काहीतरी खायचं, डाव्या कुशीवर पडायचं आणि लगेच दाखवायला यायचं." पारूनं गुळाचा चहा दिला. चांगो कमळूला हाक मारायला धावला. भूमिका डाव्या कुशीवर झाली. तिचं सगळं अंग थरथरत होतं. माझा काथ्या न काथ्या ते सोसत होता. मी कधी देवाकडे काही मागितलं नव्हतं. त्या सकाळी मागितलं.

जीपचा आवाज आला आणि त्याच वेळी माझ्या विणीवर आतून एक धक्का बसला. चांगला जोराचा. "हाललं!" भूमिका ओरडली, आणि पारू तिला धरून रडायलाच लागली. तरीही म्हणाली, "पण जाऊन या. डाक्टरला ऐकू दे."

ती दोघं मुरबाडला गेली. माझ्यावर गोधडी तशीच होती. ती उचलायला पारूचा हात धजेना. दुपारी जीप परत आली तेव्हा भूमिका पुढच्या सीटवर बसून हसत होती. "ठोके एकदम बरोबर हायत. डॉक्टर बोलले, घरी जा. मी बोलले, घरी नको, मावशीकडं."

उन्हं कलताना तिला पहिली कळ आली. तिनं माझा दांडा घट्ट धरला. "मावशी, आली गो!"

"येऊ दे, येऊ दे, पोरी!" पारू उठली. दीपेशनं पिशवी उचलली, धावत जाऊन जीपमध्ये बसला आणि कमळूला म्हणाला, "चल!"

"अरे, बायकोला तं घे!" कमळू ओरडला. कळांमधूनही भूमिकेला हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळी कच्च्या रस्त्यावरून हॉर्न वाजवत वाजवतच कमळू आला. "पोरगी झाली! दोघी बऱ्या हायत!" चांगोला काय करावं सुचेना. तो माझ्यावर बसला, उठला, पुन्हा बसला.

शिमग्याला भूमिका लेकीला घेऊन आली. पारूनं त्या छोटीला माझ्यावर निजवलं. ती हात हलवत आकाशाकडे बघत राहिली आणि बघता बघता मला भिजवून मोकळी झाली. सगळे हसले. मला चार बादल्या पाण्यानं धुऊन उन्हात ठेवलं. इतकं मानाचं स्नान मला कधी मिळालं नव्हतं.

मित्रांनो, आता माझा काथ्या काळपट पडलाय, पण चांगो वर्षातून एकदा दोरी ताणतो आणि मी पुन्हा ताठ होते. तुमच्या घरी माझी एखादी बहीण भिंतीला उभी असेल तर तिला तेवढं करा. आणि तुमच्या दारी कुणी वाट बघून थकलेलं माणूस आलं, तर त्याला काही विचारू नका. सावलीला बाज टाका, आणि त्याला निजू द्या.