खिरीची पळी

बुद्धपौर्णिमेला विहारात शिजलेली खीर पहिल्यांदा सावळीरामने चाखायची, मान हलवायची, आणि मगच ती पंगतीत वाढायची, अशी नाशिक रोडच्या त्या कॉलनीत रीत होती. ती कोणी घातली हे कोणाला आठवत नव्हतं. सावळीरामला आठवत होतं, कारण त्यानेच घातली होती. प्रेसमध्ये छापलेल्या नोटांमधली खोड शोधण्यात त्याची सगळी नोकरी गेली होती. आपण पास केल्याशिवाय जगातली कुठलीही वस्तू चलनात येऊ नये, असं त्याला निवृत्तीनंतरही प्रामाणिकपणे वाटे.

गेल्या साली मात्र घोटाळा झाला. त्याने पळीभर खीर चाखली आणि म्हणाला, "साखर कमी." साखर टाकली. पुन्हा चाखली. "अजून लागेल." दरवर्षी खीर करणारी त्याची बायको सुमनबाई म्हणाली, "अहो, नक्की ना?" त्यावर त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने उरलेली पिशवीच पातेल्यात उपडी केली. त्या दिवशी मुंग्या सोडल्या तर कोणीही दुसऱ्यांदा खीर मागितली नाही.

तोंडावर कोणी काही बोललं नाही. यंदा मंडळाच्या बैठकीत सेक्रेटरी एवढंच म्हणाले, "दादांना आता आराम देऊ. पळी बुद्धभूषणकडे."

बुद्धभूषण मागच्या गल्लीत राहायचा. रेल्वेतून निवृत्त, तरी केस काळे, आणि कोणाबद्दल वाईट बोलायची सवय नाही. अशा माणसाचा हेवा करणं फार कष्टाचं असतं, कारण धरायला कुठे जागाच नसते. सावळीरामने ते कष्ट घेतले. आता बायका लोणच्याची फोड बुद्धभूषणपुढे धरत, "भाऊजी, मीठ बघा बरं." लग्नाच्या जेवणात आचारी त्याला आत बोलावत. सावळीरामला बोलावणं यायचं ते फक्त खुर्च्या मोजायला.

"त्याच्या जिभेला काय सोन्याचा पत्रा ठोकलाय?" त्याने एकदा घरात विचारलं.

सून स्नेहा हायस्कुलात विज्ञान शिकवायची. वह्या तपासता तपासता ती म्हणाली, "बाबा, त्यांची जीभ साधीच आहे. तुमचा मेंदू बिघडलाय."

"माझा?"

"तुम्ही रोज संध्याकाळी ती नारंगी कोल्ड्रिंकची बाटली पिता ना? रोज तेवढं गोड मिळालं की मेंदूला त्याची सवय होते. मग नुसती बाटली दिसली तरी तो खूश होतो, आणि खीर दिली तर म्हणतो, हे काय फिकं पाणी? असं संशोधन करणारे म्हणतात. बाटली सोडली तर चव हळूहळू परत येतेही म्हणे."

एखाद्या सरळ माणसाने बाटली सोडली असती. सावळीरामच्या मनात आलं, ही बाटली बुद्धभूषणला लावली तर?

दुसऱ्याच संध्याकाळी घरासमोरच्या कडुनिंबाखालच्या बाकावर त्याने कोपऱ्यावरच्या हर्षलच्या दुकानातली गार बाटली बुद्धभूषणच्या हातात ठेवली.

"दादा, हे कशाला?"

"उन्हाचं बरं असतं. घे, लाजू नको."

"घरी जाऊन निवांत घेतो."

मग हे रोजचंच झालं. बुद्धभूषण बाटली घेऊन जाई आणि सावळीराम बाकावर बसून त्याच्या मेंदूचं वाटोळं होत असल्याचं समाधान चाखत राही. स्वतः मात्र त्याने ती पिणं बंद केलं. शत्रूला द्यायची वस्तू आपण प्यावी, हे त्याला पटेना. पहिले काही दिवस दुकानातल्या फ्रीजकडे बघताना तोंडाला पाणी सुटे. मग तेही थांबलं.

पौर्णिमेला विहारामागे चुलीवर मोठं पातेलं चढलं. सुमनबाईने तळहातावर थेंब घेऊन बघत बघत साखर घातली. बुद्धभूषणने पळी घेतली, चाखली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाला, "छान झालीय वहिनी."

पण त्याची भुवई हलली होती. सावळीरामची हयात असल्या बारीक खोडी पकडण्यात गेली होती.

"आण इकडे," तो पुढे होऊन म्हणाला.

त्याने चाखलं. गोडाने दाढा शिवशिवल्या. पण त्या गोडाखाली दूध निराळं लागत होतं, तांदूळ निराळा, वेलची निराळी. कित्येक वर्षांत त्याच्या जिभेवर एवढी माणसं एका वेळी आली नव्हती.

"साखर जास्त झालीय."

सगळे हसले. "दादा, साखर जास्त? तुम्ही म्हणताय?"

सेक्रेटरींनी बुद्धभूषणकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. "आहे खरी जास्त. वहिनींना कसं म्हणायचं, म्हणून..."

"मला तर अजून फिकीच लागतेय," सुमनबाई म्हणाली.

स्नेहाने सासूकडे निरखून पाहिलं. "आई, तुम्ही हल्ली काय पिता?"

"काय पिणार? भाऊजी रोज ती नारंगी बाटली आणून देतात, तेवढीच. त्यांना सोसत नाही, आणि यांनी प्रेमानं दिलेली टाकवत नाही म्हणाले. यांना सांगू नका, वाईट वाटेल म्हणाले. मग वाया कशाला घालवायची?"

खिरीत दूध ओतलं गेलं. पळी सावळीरामच्या हातात परत आली, तीही सगळ्यांच्या देखत. इतके दिवस याच घटकेसाठी तो झुरला होता. तो बायकोजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "रोज यायचा?"

"रोज."

"मागच्या दारानं?"

"पुढच्या दारानं आले असते तर तुम्हाला दिसले नसते का?"

"बाटली ठेवून लगेच जायचा?"

"लगेच कसं जाईल माणूस? जरा बोलायचे. परवा म्हणाले, वहिनी, तुमच्या हाताला चव आहे."

लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण हे वाक्य घरात कोणी उच्चारल्याचं सावळीरामला आठवेना. पलीकडे बुद्धभूषण पंगतीत पाणी वाढत होता, आणि त्याचे केस उन्हात नको तितके काळे दिसत होते.

"दादा, लोक खोळंबलेत," सेक्रेटरी म्हणाले.

सावळीरामने खीर पुन्हा चाखली. आता ती बरोबर होती. घसा साफ करून तो पंगतीच्या शेवटच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सुमन, तुझ्या हाताला चव आहे."

सुमनबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "भाऊजी हळू बोलायचे."