पुसलेला पडदा

या, जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा. वालूरच्या बायनाबाईची गोष्ट सांगायची आहे. हसाल, अन् मग गप्पही व्हाल.

मारुतीच्या सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर हार घातलेला लॅपटॉप, मागं यंत्रानंद महाराज. "हे यंत्र अखंड चालू हाय, यातून पितर बोलतेत! बंद केलं की पितर माघारी जातेत. माई, पडदा कोरा हाय का न्हाई, बघून घ्या. दाबा अक्षरं."

बायनाबाईला कोरा काय, भरला काय, सारखंच. विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागून तिचा लेक भागवत गेला, तेव्हापासून तिला भाकरीची चव नव्हती. चटका बसला तरी हात मागं येत नव्हता. महाराजांनी दाखवली तशी अक्षरं तिनं एका बोटानं दाबली: 'नाव'.

पडद्यावर उमटलं: भागवत.

मंडपात एकच गलका. तिच्या आत काहीच हललं नाही.

"आता इचारा, लेकराला कुणाचा दोष भोवला?"

तिनं 'दोष' दाबलं. उमटलं: अर्पिता.

अर्पिता म्हणजे तिची सून, तिथंच शेजारी उभी. पाथरीला कॉम्प्युटरचा क्लास घ्यायची.

"दिवस मावळायच्या आत हिला घराबाहेर काढा," महाराज गरजले, "न्हाईतर लेक भटकत राहील!"

"चल, कपडे बांध तुझे," बायनाबाई सपाट आवाजात म्हणाली.

"बांधते, मामी," अर्पिता सासूला म्हणाली. "आधी मला बी एक इचारू द्या."

"ए बाई, ही थेट परलोकाची लाईन हाय!"

"मग रेंज लय भारी हाय, महाराज. वालुरात साधा फोन लागत न्हाई."

लोक हसले. तेवढ्यात अर्पितानं पुढं होऊन काहीतरी टाइप केलं, पडदा पुसला. "मामी, तीच अक्षरं दाबा."

दोष.

उमटलं: यंत्रानंद महाराज.

"पडदा पुसला म्हणून यंत्र विसरत न्हाई," अर्पिता म्हणाली. "सकाळी कुणीतरी सांगून ठेवलं, दोष म्हणजे अर्पिता. मग कवाबी इचारा, तेच सांगणार. मी आत्ता दुसरं नाव सांगितलं. जुनं गेलं, नवं बसलं. आपल्या सप्ताहात वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, खाली टेकत न्हाई, तसं ते नाव धरून ठेवतंय. ही खिडकी बंद केली, की वीणा खाली ठेवली."

तिनं खिडकी बंद करून नवी उघडली. बायनाबाईनं पुन्हा दाबलं. यंत्रानं सांगितलं, असलं काही मला ठाऊक नाही.

"पण आपली नावं यांना कळली कशी?" मागून कुणीतरी विचारलं.

बायनाबाईनं महाराजांच्या चेल्याकडं, आश्रुबाकडं पाहिलं. काल तो तिच्याच अंगणात चहा पीत बसला होता. भागवत कसा होता, सून कशी हाय, सगळं मायेनं विचारत होता. घरात कुणी भागवतचं नाव काढत नव्हतं. या परक्यानं काढलं, म्हणून ती बोलत गेली.

"मीच सांगितलं," ती म्हणाली.

महाराज तोवर चपला शोधत होते.

घरी आल्यावर बायनाबाईनं सुनेनं कपडे भरायला घेतलेली पिशवी तिच्या हातातून काढून घेतली, खुंटीला अडकवली आणि स्वतः चुलीपुढं बसली. भाकरी उलटताना तव्याला बोट लागलं.

"आई गं!" ती ओरडली. मग कितीतरी वेळ रडत राहिली. अर्पिता तिचं बोट पाण्यात धरून बसली.

बाबांनो, देवापुढं डोळे खुशाल मिटा. पण देवाच्या नावानं कुणी माणसावर बोट ठेवलं, तर डोळे उघडा आणि विचारा, हे आधी कुणी सांगून ठेवलं होतं?

आता टाळ उचला. पहिल्या अभंगाला भागवतची आठवण काढा. पखवाज लय गोड वाजवायचा तो.