उधारीचा मुकुट

सकाळची जपमाळ झाल्याशिवाय मी गॅस पेटवत नाही आणि शुक्रवारी मांसाला हात लावत नाही, हे आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. गेल्या जानेवारीत त्यात एका नेमाची भर पडली. बँकेचं देणं फिटेपर्यंत कॉफीत साखर घालायची नाही. ब्राझीलमधल्या मिनासच्या या डोंगराळ गावात बाई बिनसाखरेची कॉफी पिताना दिसली की लोक विचारतात, "काय गं इस्मेनिया, घरात कोणी गेलं का?" मी म्हणते, "माणूस नाही, पैसा जातोय." पण माझा आवाजच असा, की ते कुणाला ऐकू जात नाही.

माझा नवरा आबेलार्दो नगरपालिकेच्या पाणीखात्यात पाइप जोडून जोडून निवृत्त झाला. गावातली एकेक गळती त्याने बंद केली, घरातली मात्र त्याला कधी दिसली नाही. बँकेच्या मशीनवर 'उपलब्ध रक्कम' म्हणून जो आकडा येतो त्यात आमचे पैसे आणि बँक उसने द्यायला तयार असलेले पैसे एकाच ओळीत मिसळलेले असतात. या ओव्हरड्राफ्टला आमच्याकडे 'खास चेक' म्हणतात, आणि आबेलार्दोला वाटतं, खास तो स्वतःच आहे.

"म्हातारे, तीन हजार रेआल आहेत आपल्याकडे!"

"त्यातले आपले किती?"

"उपलब्ध म्हणजे उपलब्ध. बँक काय खोटं लिहील?"

मग बारा हप्त्यांत टीव्ही येतो, मेहुण्याच्या मोटारसायकलला टायर येतात, बारमधल्या सगळ्या टेबलांची बिअर याच्याच नावावर मांडली जाते. पाच तारखेला पेन्शन जमा होते ती थेट व्याजाच्या घशात. मी कसावा कंदाच्या आंबट पिठाचे चीजगोळे भाजून शाळेच्या कँटीनला विकत होते. एका बाजूने मी भरायची, दुसऱ्या बाजूने हा उपसायचा.

त्यात मुकुट आला.

बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण आम्ही जानेवारीत करतो. त्या वर्षीचा यजमान जेवणं झाल्यावर डोक्यावरचा पत्र्याचा मुकुट उतरवतो, आणि जो पुढे येऊन मान वाकवेल त्याने पुढच्या वर्षी साऱ्या वस्तीला जेवू घालायचं. गेल्या जानेवारीत कुणी पुढे येईना. गाणाऱ्या मंडळींचा म्होरक्या जोव्हेलिनो हातात मुकुट धरून सगळ्यांकडे बघत होता. आमच्या थोरल्याचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता तो, तेव्हा घरचाच. मला काय होणार ते आधीच दिसलं आणि मी मागून आबेलार्दोचा सदरा घट्ट धरला. सदऱ्याचं टोक माझ्या मुठीतून निसटलं. मान वाकली. टाळ्या झाल्या. त्याच संध्याकाळी मी साखर सोडली.

खरं तर या जेवणाचा खर्च एकट्याने करायचा नसतोच. डिसेंबरच्या शेवटी मंडळी राजांचा झेंडा घेऊन गात दारोदार जातात. घरची बाई झेंड्याचं चुंबन घेते, तो खोल्याखोल्यांतून फिरवून आणते आणि जमेल ते देते. कोंबडी, तांदूळ, घेवड्याची पिशवी. त्यातूनच सगळं शिजतं. पण आमचे राजे निराळे.

"मी दारोदार मागू? या गावाला चाळीस वर्षं पाणी पाजलंय मी. माझं जेवण माझ्या पैशाने."

"कुठल्या पैशाने, म्हाताऱ्या?"

"तेरावा पगार येतोय ना!"

डिसेंबरात पेन्शनसोबत एका महिन्याची जास्तीची रक्कम मिळते, तोच तेरावा पगार. त्यावर मी वर्षभर डोळा ठेवून होते. ती भरली की ओव्हरड्राफ्ट जेमतेम फिटणार होता. तेवढं झालं की ही खास चेकची सोय कायमची बंद करायची, एवढंच माझं मागणं होतं. ती संधी हुकली की पुढचा डिसेंबर, आणि तोवर व्याजाने आम्हाला कुठे नेऊन सोडलं असतं देव जाणे.

मी हे सगळं सांगितलं. हळूच, जसं मला येतं तसं. तो टीव्हीचा आवाज वाढवून म्हणाला, "मला शिकवतेस? आणि देवमातेच्या चर्चला तुझी देणगी दरमहा खात्यातून आपोआप जाते, ती कुठून जाते गं? खास चेकमधूनच ना! देवमातेलासुद्धा तू उसन्या पैशांचं तेल घालतेस."

त्या संध्याकाळी जपमाळ हातात होती, पण कुठल्या मण्यावर आहे तेच कळेना. एवढा राग मला कुणाचा आला होता, त्याचा की माझा? सकाळी बँकेत जाऊन मी देणगी थांबवली आणि मग चर्चमध्ये मूर्तीपुढे म्हणाले, "आई, तुझी माफी नंतर मागते. आधी या बँकेचं बघू दे."

घरी येऊन त्याला म्हटलं, "माझं बंद केलं. आता तुझं."

तो काही बोलणार तेवढ्यात जोव्हेलिनो दारात. झेंड्याचं काय ठरलं, विचारायला आला होता. आबेलार्दोने छाती काढून पुन्हा तेच सांगितलं, माझं जेवण, माझे पैसे.

जोव्हेलिनोने टोपी काढली. "अरे, ऑगस्टपासून लोक झेंड्यासाठी कोंबड्या पोसतायत. पलीकडच्या फेलिसियाने नातवाचा पाय बरा व्हावा म्हणून झेंड्याला लाल कोंबड्याचा नवस केलाय. तिने काय करायचं? कोंबडा तुझ्या खात्यात भरायचा?"

मला हसू आवरेना. आबेलार्दो पुटपुटला, "बरं, निघू दे झेंडा."

जेवणाला आता तेरावा पगार लागणार नव्हता, तेव्हा मी खास चेक बंद करायचा धोशा लावला; खातं दोघांच्या नावावर, म्हणून बँकेत दोघांना जावं लागलं. तेरावा पगार जमा झाला होता आणि खातं नाकापुरतं पाण्याबाहेर आलं होतं. टेबलापलीकडची ताइनारा नावाची मुलगी गोड हसली.

"सेन्योर आबेलार्दो, ही सोय काढून टाकलीत तर अडचणीला काय कराल?"

"हीच तर अडचण आहे, मुली," मी म्हणाले.

"काय म्हणालात, दोना इस्मेनिया? उलट तुम्हाला मर्यादा दुप्पट करून मिळतेय!"

आबेलार्दोचा चेहरा उजळला. मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला आणि पुन्हा सांगितलं. तिला पुन्हा ऐकू आलं नाही. मग चर्चमध्ये सगळ्यांच्या वर सूर लावते तसा लावला, "बंद कर म्हटलं ना!"

दारावरचा पहारेकरीसुद्धा वळून बघू लागला. आबेलार्दोने मुकाट्याने सही केली. बाहेर मशीनवर आकडा आला, एकेचाळीस रेआल.

"मशीन बिघडलंय," तो म्हणाला.

झेंडा निघाला तेव्हा पहिल्या दारांशी तो टोपी डोळ्यांवर ओढून सगळ्यांच्या मागे उभा राहिला. फेलिसियाने तो लाल कोंबडा थेट त्याच्याच हातात दिला. कोंबड्याने त्याला चोच मारली. पुढच्या दारापासून पोती तोच वाहू लागला, पण घरी आला की धुमसत असायचा, मी जणू त्याचे कपडे विकून आले होते.

सण पार पडला. अन्न पुरलं, थोडं उरलंही. मुकुट औषधवाल्याच्या डोक्यावर गेला. माणसं पांगली आणि आम्ही स्वयंपाकघरात बसलो, तेवढ्यात याचा फोन गुरगुरला. बँकेचा निरोप होता. अभिनंदन, तुमच्यासाठी नवी खास मर्यादा मंजूर झाली आहे, फक्त एकदा दाबा.

त्याचा अंगठा वर गेला.

"आबेलार्दो!"

"नुसती असू दे गं. वापरणार थोडीच आहे!"

मी फोन घेतला, आंबट पिठाच्या डब्यात खुपसला आणि झाकण लावलं. मी कॉफी गाळली. देणं फिटलंच होतं, आता सणही उधारीशिवाय पार पडला, म्हणजे माझा नेम पुरा झाला होता, अख्ख्या वर्षाने. साखरेचा डबा उघडला तर पाहुण्यांनी तळ खरवडून नेलेला.

मी तो रिकामा डबा त्याच्यापुढे आपटला.

"दुकान बंद असेल," तो म्हणाला.

"जोव्हेलिनोकडे असेल."

"मागायला जाऊ? झेंड्याशिवाय?"

"कप घेऊन जा."

तो कुरकुरत उठला, फडताळातून कप काढला आणि चपला फटफटवत गेला. कॉफी निवत होती. पिठाच्या डब्यात फोन पुन्हा गुरगुरू लागला. मी डब्यावर कोपर टेकून म्हाताऱ्याची वाट बघत बसले.