ताईचा पंखा

परदेशातल्या एका शहराने आमच्या शहराला सांडपाण्यात हवा मारणारं यंत्र भेट दिलं, तेव्हा आमच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या गेटवर दोन झेंडे लागले आणि मला नवा गणवेश मिळाला. गणवेश एक माप मोठा निघाला. यंत्र मात्र खरोखर चांगलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जी चिडचिड करणार आहे तिच्यात त्या बिचाऱ्याचा काडीचाही दोष नाही. टाकीतल्या जंतूंना हवा मिळाली की ते घाण खातात आणि कालव्यात जाणारं पाणी स्वच्छ होतं. हवा थांबली की दोन-तीन दिवसांत टाकी सडायला लागते. मी तीस वर्षं इथे फिटर आहे. एवढं कळायला मला परिषदेला जावं लागत नाही.

अडचण होती ती यंत्राच्या विजेच्या कपाटाची. ते बनलं बर्फाच्या गावात. दार हवाबंद, आतून चार बोटं जाड अस्तर. आमच्याकडे दुपारी पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. भर उन्हात स्वेटर घालून बसवल्यासारखं ते कपाट आतल्या आत तापायचं आणि रोज दोन-अडीचला यंत्र बंद पडायचं.

मी लेखी कळवलं. आमच्या मुख्य अभियंत्यांना आम्ही पाठीमागे आराखडासाहेब म्हणतो. त्यांनी माझं पत्र आमच्या सहकार्य कक्षाला पाठवलं, त्या कक्षाने तिकडच्या सहकार्य कक्षाला पाठवलं, आणि अडीच महिन्यांनी उत्तर आलं: यंत्र मूळ आराखड्याप्रमाणेच चालवावे, कपाटात कोणताही बदल करू नये. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आराखडासाहेबांना मात्र ते उत्तर इतकं आवडलं की त्यांनी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं.

केंद्राच्या पलीकडे, कालव्याला लागूनच माझ्या थोरल्या बहिणीचं घर आहे. तिला दमा आहे. कालव्याचा वास छातीत गेला की रात्र रात्र बसून काढते. अकरा वर्षं तिने स्वयंपाकघराची खिडकी उघडली नव्हती. गुदमरू नये म्हणून रस्त्याकडच्या भिंतीला भोक पाडून मीच तिला एक छोटा पंखा बसवून दिला होता. एकदा तिच्याकडे चहा पिता पिता मी त्या पत्राच्या नावाने बोटं मोडत होतो.

"बाळ्या," ती म्हणाली. मी बावन्न वर्षांचा आहे, पण ते असो. "माझ्या स्वयंपाकघराला भोक पाडलंस ना? मग त्या कपाटाला काय सोनं लागलंय?"

"करार लागलाय. उघडायचंच नाही, असं लिहिलंय त्यात."

"हा पंखा काढून ने. पाणी साफ झालं तर मी खिडकी उघडीन, मला पंखा कशाला लागतोय? आणि नाही झालं, तर माझा पंखा मला परत. कबूल?"

मी कबूल केलं. एका रविवारी कपाटाची मागची बाजू कापली, अस्तर काढलं, पंखा बसवला, धूळ आत जाऊ नये म्हणून जुन्या गणवेशाचं कापड ताणून लावलं. त्या दिवसापासून आठ महिने यंत्र एकदाही बंद पडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ताईने खिडकी उघडली. कुणी आलं की आधी तिला ती उघडी खिडकी दाखवायची हौस, पाणी नंतर विचारायची.

मग तिकडून पत्र आलं. तसंच यंत्र त्यांनी नऊ शहरांना दिलं होतं आणि त्यातली आठ बंद पडली होती. आमचं एकच चालू होतं. ते का चालतंय हे बघायला त्यांचं शिष्टमंडळ येणार होतं. आमचंही बंद पडलं तर ही यंत्रं उष्ण शहरांना योग्य नाहीत असं ठरवून सगळी परत नेणार होते.

आराखडासाहेब त्या दिवशी पहिल्यांदाच कपाटाच्या मागे गेले आणि पंखा बघून मटकन खालीच बसले.

"हे काय आहे?"

"पंखा आहे, साहेब."

"तो आराखड्यात कुठाय?"

"तो नाहीये म्हणून तर आठ ठिकाणी..."

"काढा! उद्याच्या उद्या काढा. अस्तर बसवा, पत्रा लावा, रंग द्या."

"साहेब, ती माणसं यंत्र का चालतंय ते बघायला येतायत. ज्याच्यामुळे चालतंय तेच काढायचं?"

"त्यांनी दिलंय तसं त्यांना दिसलं पाहिजे. विषय संपला."

मी हात टेकले. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आत स्वतःच्या हाताने पंखा काढला, त्याच हाताने रंग दिला.

पाहुणे सात होते. सोबत दुभाषी बाई आणि मागून हळूहळू चालणारा एक म्हातारा. त्याच्या नखांतलं काळं ग्रीस बघूनच मी ओळखलं, हा आपल्यातला. भाषणं लांबली. दोन वाजून दहा मिनिटांनी, त्यांच्या प्रमुख बाई कपाटापुढे उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या तेव्हा, यंत्र बंद पडलं.

प्रमुख बाई वहीत काहीतरी लिहू लागल्या. दुभाषी बाईंनी हळूच सांगितलं, "त्या म्हणताहेत, खेद आहे, पण हेही यंत्र परत न्यावं लागेल."

तेवढ्यात म्हातारा कपाटाच्या मागे गेला, पत्र्यावर बोट फिरवलं. बोटाला ओला रंग लागला. त्याने बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या डोळ्यांसमोर ताईची खिडकी आली. साहेब नजरेने मला दटावत होते. मी म्हटलं, नोकरी गेली खड्ड्यात.

"बाई, यांना सांगा, चालत होतं. आठ महिने चालत होतं. आम्ही तुमच्यासाठी बिघडवून ठेवलंय."

पंखा स्टोअरमध्येच होता. म्हाताऱ्याने न सांगता पक्कड उचलली आणि आम्ही दोघं कामाला लागलो. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची नव्हती, आणि आम्हाला एकदाही दुभाषी लागली नाही. चाळीस मिनिटांत यंत्र सुरू झालं. टाळ्या वाजल्या. साहेबांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज सुखात असतो. पण त्यानंतर बैठक झाली. या बदलाचा दोन्ही शहरांनी मिळून अभ्यास करावा, असं ठरलं. अभ्यासासाठी समिती. समिती नेमेपर्यंत कपाट आहे त्या स्थितीत जपून ठेवायचं, म्हणजे यंत्र बंद! दारावर आणि मागच्या पत्र्यावर दोन-दोन सीलं, एक आमचं, एक त्यांचं निळं. दर सोमवारी सीलाचा फोटो पाठवायचा. यंत्र चालू की बंद, हा रकाना त्या फॉर्मात नव्हता. बंद यंत्रांचा अभ्यास करायला आठ बंद यंत्रं होतीच की! चालणारं एक होतं, ते यांनी बंद केलं. मी अक्षरशः कपाळ बडवून घेतलं.

निघताना म्हाताऱ्याने माझा हात हातात घेतला आणि माझ्या ढगळ गणवेशाच्या खिशात एक कापडी पुडी कोंबली. असेल काहीतरी आठवण म्हणून दिलेलं, असं समजून मी ती विसरूनही गेलो.

पाचव्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. मधे मधे थांबून बोलत होती, श्वास पुरत नव्हता.

"बाळ्या, खिडकी लावली रे. पंखा परत दे."

"ताई, तो सीलबंद आहे..."

"मला नको सांगूस ते. कबूल केलं होतंस तू."

मला रडूच यायचं बाकी होतं. मी तडक कपाटाशी गेलो. सील तोडायचं, पंखा काढायचा, ताईला नेऊन द्यायचा आणि काय व्हायचं ते होऊ दे, असं ठरवलं. स्क्रूड्रायव्हरसाठी खिशात हात घातला तर ती पुडी हाताला लागली. सोडली.

आत कोरी निळी सीलं होती. मूठभर.

आमच्या बाजूची सीलं माझ्याच ड्रॉवरमध्ये असतात. दारावरची दोन्ही तोडली, आतला खटका वर केला, दार बंद करून तिथे नवी दोन लावली. मागे पंखा फिरायला लागला. टाकीत बुडबुडे आले.

सोमवार होता. मी सीलाचा फोटो काढला, फॉर्म भरून पाठवला आणि ताईला फोन लावला.

"पंखा मिळणार नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे पंधरा दिवसांनी खिडकी उघड."