उजवी पाकळी

"कुंची खाली घातली तर चुरगळंल की वो! वर ठिवा, सगळ्यात वर," असं म्हणत साळूबाईनं नवऱ्याच्या हातातून पत्र्याची पेटी ओढून घेतली आणि सकाळपासून चौथ्यांदा उपसली. आंबेमोहोर तांदळाचं गाठोडं, हुलग्याचं पीठ, करवंदाच्या लोणच्याची बरणी आणि नातीसाठी शिवलेली लाल कुंची. नात पाच महिन्यांची झाली होती आणि आजीनं अजून तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

कोंडिबा गुरव उंबऱ्यात जाऊन बसला आणि तंबाखू मळू लागला. मळून मळून तिची पूड झाली तरी त्यानं ती तोंडात टाकली नाही.

"शेजारचा देवू आलाय म्हमईवनं," तो म्हणाला.

"मग येऊ द्या की. त्याचंच घर हाय."

"ताप घिऊन आलाय. निम्मं खातं रिकामं पडलंया म्हनतोय गिरनीत. बोलायला लागला की खोकतोय नुसता."

"खोकला कुनाला येत न्हाई?" साळूबाई म्हणाली आणि बरणीच्या तोंडाला फडकं बांधायला लागली. "तुमाला जायचं नसंल तर तसं म्हना. देवूचा खोकला मधी आनू नगा."

आता हे जाणं म्हणजे काय होतं ते सांगायला हवं. पौडपासून दोन कोसांवरच्या या वाडीत कोंडिबा भैरोबाचा गुरव. तीस वर्षं रोज सकाळी देवाला पाणी घालायचं, संध्याकाळी दिवा लावायचा आणि कुणी अडला-नडला आला की त्याला कौल लावून द्यायचा. देव काही सुट्टी देत नाही. त्यामुळं या तीस वर्षांत कोंडिबा एकदा लग्नानंतर जेजुरीला गेला होता, तेवढाच. थोरली लेक कमळ लालबागला दिली होती, जावई कान्हू गिरणीत. तिचं दुसरं बाळंतपण तिकडंच झालं. पहिलं मूल राहिलं नव्हतं, म्हणून या नातीचं कौतुक जरा जास्तच. लेकीकडं मुंबईला चला म्हणून दोन वर्षं साळूबाई नवऱ्याच्या मागं लागली होती, तेव्हा कुठं चुलतभाऊ भिकू आठ दिवस पूजा सांभाळायला कबूल झाला होता. तिघांनी जायचं होतं. धाकटी सखू तर महिनाभर एकच विचारत होती, समुद्राला पलीकडचा काठ नाही म्हणजे मग पाणी अडतं कशाला?

आणि नेमका त्याच वैशाखात हा ताप उपटला. साल सत्तावन्न. पौडच्या यष्टी स्टँडवर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे बोटीतून आला, कुणी म्हणे चीनकडून आला, कुणी म्हणे मुंबईत चाळीच्या चाळी आडव्या झाल्यात. यष्टीतून उतरणारी माणसं धोतराचा सोगा तोंडाला लावून उतरत होती. कंडक्टर शिंकला तरी माणसं त्याच्याकडं वळून बघत.

वाडीतली बाकीची माणसं हे ऐकून घरी येत आणि जेवून झोपत. कोंडिबाला मात्र झोप येईना. त्याला मानमोडी आठवत होती.

अठरा सालच्या त्या मानमोडी तापाच्या साथीत तो दहा वर्षांचा होता. दसऱ्याला सगळं घरदार बैलगाडीनं पुण्याला मामाकडं गेलं होतं, चार दिवस मजा करायला म्हणून. तिकडं ताप आहे हे ठाऊक होतं. चुलता म्हणाला होता, देवाला विचारून जा. बाप हसला होता. "चार दिसांच्या जान्याला देवाला कशाला तरास?" परत येताना गाडीत आई वाकून बसली होती, मान वर होत नव्हती तिची. आठ दिवसांत आई, बाप आणि दोन भाऊ गेले. शेवटच्या भावाला न्यायला खांदेकरीही मिळेनात, चुलत्यानं त्याला घोंगडीत गुंडाळून एकट्यानंच नेलं. घरात उरला कोंडिबा. त्याला पुढं चुलत्यानंच वाढवलं आणि देवाची चाकरी शिकवली.

हे त्यानं साळूबाईला लग्नानंतर एकदा सांगितलं होतं. नंतर पुन्हा कधी बोलला नाही.

चार दिवसांनी देवू उठून विहिरीवर आंघोळ करताना दिसला. साळूबाई घागर घेऊन धावतच घरी आली.

"बघा! उठला का न्हाई देवू? भाकरी मागून खाल्ली त्यानं. ही काय तुमची मानमोडी न्हवं. चार दिस आंग दुखतंय आन् जातंय."

"समद्यांचं जातंय?"

"कमळीनं लिवलंय, आई कवा येतीस म्हनून. तिसरं पत्र हाय हे."

"आगं, पन दिवाळीला जाऊ की."

"दिवाळीला भिकूभाऊजी व्हय म्हनतील कशावरनं? आन् दिवाळीला तुमाला दुसरं काय तरी दिसंल. मला ठावं न्हाई का तुमचा सोभाव!" तिचा आवाज चढला आणि मग एकाएकी उतरला. "आसं करा. देवाला इचारा. तो व्हय म्हनला तर रविवारी दुपारच्या यष्टीनं जायाचं. न्हाई म्हनला तर मी एक सबूद काढनार न्हाई."

कोंडिबाला सुटल्यासारखं झालं. अवघड गोष्ट देवावर सोपवली की माणूस हलका होतो. वाडीतल्या शंभर माणसांना त्यानं तीस वर्षं तसं हलकं होताना पाहिलं होतं.

रविवारी सकाळी देवळात बरीच माणसं जमली. पाच-सहा घरांतली माणसं मुंबईला होती, कुणाला जायचं होतं, कुणाला आपल्या माणसाला बोलावून घ्यायचं होतं. गुरवाच्या घरचा कौल काय येतो ते बघू, मग आपलं ठरवू, असा सगळ्यांचा हिशेब.

कौलाची रीत साधी. चाफ्याच्या फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवाच्या दोन खांद्यांना लावायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. चाफ्याला चीक असतो, म्हणून पाकळ्या तोडल्या की तांब्यात बुडवून बुडवून, चोळून चीक पार काढायचा. चुलत्यानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. "चीक ऱ्हायला तर पाकळी देवाच्या नव्हं, तुज्या हातानं बोलंल."

कोंडिबानं पाकळ्या तोडल्या. डावी तीन वेळा धुतली. उजवी हातात घेतली तेव्हा तिच्या बुडाशी पांढरा थेंब चकाकत होता. पाठीमागं साळूबाई हात जोडून उभी होती. ती पुटपुटत होती, भैरोबा, एकदा, एकदाच. कोंडिबाला ते ऐकू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांपुढं गाडीत वाकलेली आई आली. देवाच्या मनात काय आहे कुणास ठाऊक. पण देव होय म्हणाला तर? तर ह्या दोघी उद्या त्या चाळीत असतील, आणि परत येताना गाडीत कोण वाकलेलं असेल?

त्यानं उजवी पाकळी नुसती पाण्याला दाखवली आणि देवाच्या खांद्याला बोटानं दाबून लावली.

गाऱ्हाणं घातलं. माणसं श्वास धरून बघत राहिली. थोड्या वेळानं डावी पाकळी सरकली आणि देवाच्या पायाशी पडली. उजवी तशीच. दुपारी देवळाला कुलूप घालताना कोंडिबानं वळून पाहिलं, तेव्हाही ती तिथंच होती.

"न्हाई म्हनला देव," कुणीतरी म्हणालं. वाडीचा बेत तिथंच मिटला. कुणी मुंबईला गेलं नाही.

साळूबाई घरी आली आणि पेटी रिकामी केली. बोलली होती तशी एक शब्द बोलली नाही. फक्त चुलीपुढं बसल्यावर एकदाच म्हणाली, "इतक्या वरसांत एक मागितलं हुतं त्याच्याकडं," आणि तांदूळ निवडायला लागली. सखू दिवसभर परसात रडत बसली. शाळेच्या गुरुजींकडून कमळला पत्र गेलं की देवाचा कौल आला नाही, दिवाळीला येतो, जपून राहा.

कोंडिबा त्या दिवशी पोटभर जेवला. कशाला खोटं सांगा, बऱ्याच दिवसांनी त्याला गाढ झोपही लागली.

बारा दिवसांनी सकाळी अंगणात जयसिंग येऊन उभा राहिला. शेजारच्या वाडीचा, कान्हूच्याच खात्यात कामाला. साळूबाईनं लगबगीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"न्हाई, पानी नगं," तो म्हणाला.

लांबचा प्रवास करून आलेला माणूस दारात उभा राहून पाणी नको म्हणतो तेव्हा काय समजायचं, ते या मुलखात पोरांनाही कळतं. साळूबाईच्या हातातला तांब्या खाली पडला.

"कोन? माजी नात का?"

"नात चांगली हाय. शेजारच्या चंद्राबाईकडं हाय ती." जयसिंग खाली बघत म्हणाला. "कमळ गेली, काकी. बुदवारी. आदी कान्हू पडला तापानं, त्याचं करता करता ती पडली. समदी चाळच आडवी झालेली, कोन कुनाकडं बगनार? दोन दिस तर पानी द्यायला बी कुनी न्हवतं. छातीत कफ भरला. कान्हूला उटता येत न्हवतं, तो निसता हाका मारत हुता तिला. आता तो बरा हाय, पन पोर सांभाळनं व्हायचं न्हाई त्याच्यानं."

साळूबाई मोठ्यानं रडली नाही. ती अंगणातच खाली बसली.

लेकीचं तीन दिवसांचं सुतक. देवाला पाणी घालायला भिकू जाऊ लागला. घरी बायामाणसं येत, गळ्यात पडत आणि उठताना म्हणत, "देवानंच राखलं गं तुमाला. गेला असता तर काय झालं असतं!" कोंडिबा भिंतीला टेकून हे ऐकत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरात दोघंच होती. साळूबाई आपणहून बोलायला लागली.

"माज्यामुळं गेली ती."

"आगं, काय बोलतीस!"

"देव न्हाई म्हनला, तवा मला राग आला त्याचा. तोंडानं बोलले न्हाई, पन मनात शिव्या घातल्या मी त्याला. म्हनलं, दगुड हाईस निसता. त्यानं ते ऐकलं. माजं माज्या पदरात टाकलं त्यानं."

"न्हाई गं, तसं न्हाई."

"मग कसं? त्याला समदं ठावं हुतं म्हनून त्यानं आपल्याला आडवलं. मग माज्या लेकीला का राखलं न्हाई मरनातनं? माज्या रागामुळंच की!" ती स्वतःच्या कपाळावर बुक्क्या मारू लागली. एक, दोन, तीन. कोंडिबानं तिचे हात धरले, तर तिनं हिसडून सोडवले आणि पुन्हा मारून घेऊ लागली.

गप्प राहिला असता तर जन्मभर निभलं असतं. वाडीला कळलं नसतं, देव काही सांगायला येणार नव्हता. साळूबाई मात्र रोज अशी कपाळ फोडत राहिली असती.

"देव न्हाई म्हनला न्हाई," कोंडिबा म्हणाला.

तिचा हात थांबला.

"उजव्या पाकळीचा चीक म्या धुतला न्हाई. दाबून लावली. ती पडनारच न्हवती. तुज्या रागाचं काय न्हाई त्यात. म्या केलं. मला भ्या वाटलं, साळू. तू आन् सखू माज्या डोळ्यांपुढं गेलेल्या दिसायला लागला."

साळूबाई त्याच्या हातांकडं बघत होती.

"म्हंजी देव काय बोललाच न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

"मला का न्हाई सांगितलं? भ्या वाटतंय म्हनला असता, तर मी ऱ्हायले असते तुमच्यासाटी. न्हाई तर भांडून एकटी गेले असते. काय करायचं ते मी ठरवलं असतं." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, आणि कोंडिबाला त्याचीच भीती वाटली. "दोन दिस पानी द्यायला कुनी न्हवतं तिला. मी दिलं असतं."

"आगं, तू बी पडली असतीस तितं..."

"पडले असते. लेकीजवळ पडले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंघोळ केली, सखूला भिकूच्या बायकोकडं नेऊन सोडलं आणि पेटी भरली. नातीला आणायला निघाले, एवढंच म्हणाली. साथ अजून होती. पौडला कालच दोघं तापानं पडल्याचं वाडीत कळलं होतं. तिनं देवळाकडं पाहिलं नाही की नवऱ्याला विचारलं नाही. कोंडिबानं कोपरी चढवली, पटका गुंडाळला आणि पेटी उचलून डोक्यावर घेतली. तिनं ती काढून घेतली नाही, तेवढ्यानंही त्याला धीर आला. दोन कोस ती पुढं आणि तो मागं असे चालले. ओढ्यापाशी तो एकदा म्हणाला, "बस वाईच," पण ती थांबली नाही.

स्टँडवर गर्दी नव्हती. गाडी उभी होती, आत सात-आठ माणसं लांब लांब बसलेली, कुणी पदर तोंडाला लावलेला, कुणी उपरणं. मागच्या बाकावर एक म्हातारा एकसारखा खोकत होता आणि त्याच्या आजूबाजूची बाकं रिकामी होती. साळूबाई चढली आणि खिडकीशी बसली. कोंडिबानं पेटी तिच्या पायांशी सरकवली. त्याचा एक पाय पायरीवर होता, एक खाली.

कंडक्टर तिकिटांची पेटी वाजवत आला. "कुठं जायचं, मावशी?"

"पुन्याला. तितनं म्हमईला."

"किती जण?"

साळूबाईनं कोंडिबाकडं पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"एक," ती म्हणाली.

कोंडिबानं पायरीवरचा पाय खाली घेतला.