गाळलेलं वाक्य

दुष्काळाच्या त्या वर्षी मंद्रूपकर सरांनी मॅट्रिकच्या वर्गासाठी शुक्रवारचा शेवटचा तास राखून ठेवला होता. त्याला ते ‘बातमी आणि पुस्तक’ म्हणायचे. एका मुलीनं उभं राहून आठवड्यातली एखादी बातमी सांगायची, तिच्यावर आपल्याला काय वाटलं ते बोलायचं, आणि ती बातमी नीट समजायला कोणतं पुस्तक वाचावं तेही सांगायचं. बहुतेक मुली वडिलांनी दाखवलेली बातमी पाठ करून यायच्या. नीलम्मा मात्र बातमीच्या आत शिरायची. विहिरीत उतरलेला माणूस गुदमरून मेला, एवढीच दोन ओळींची बातमी असली तरी ती विचारायची, वर दोर धरून कोण उभं होतं? मंद्रूपकर सर टेबलावर बोटं वाजवत ऐकायचे आणि म्हणायचे, “बघा, वाचणं याला म्हणतात.”

नीलम्माच्या वडिलांचं, संगप्पांचं, आडत दुकान होतं. घरी पेपर येत होता, पण तो एकच आणि तोही सोलापूरचा. बाहेरगावचे पेपर तिला मिळायचे ते अमिनाकडून. अमिना तिच्या बाकावर बसायची. तिचे वडील रज्जाक ट्रक चालवत. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण बार्शी म्हणा, अकलूज म्हणा, जिथं माल उतरेल तिथला शिळा पेपर ते मागून घ्यायचे आणि सीटखाली घडी करून लेकीसाठी आणायचे. दोघी मधल्या सुट्टीत तो वाचायच्या. लायब्ररीचं कार्डही दोघींत एकच होतं. पुस्तक आधी नीलम्मा वाचायची, कारण ती भराभर वाचायची.

माघात एके दिवशी पेपरात बातमी आली. अकलूजहून साखरेची पोती घेऊन येणारा मालट्रक मोहोळच्या अलीकडे रस्त्याच्या कडेनं चाललेल्या बायकांवर गेला. बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाल्या होत्या. केराबाई नावाची एक आणि तिच्या दोन्ही सुना जागेवरच गेल्या. ब्रेक निकामी झाल्याचं चालकाचं म्हणणं होतं. बातमीत चालकाचं नाव होतं, रज्जाक.

अमिना दोन-तीन दिवस शाळेत आली नाही. आली त्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही आणि कुणी तिच्याशी बोललं नाही. मधल्या सुट्टीत नीलम्मानं तिला मैदानाच्या कडेला नेलं, स्वतःच्या डब्यातली भाकरी तिच्या हातात दिली. भाकरी तशीच हातात धरून अमिना सांगत गेली. लोक मारतील म्हणून अब्बा रानातून पळाले होते. पहाटे घरी आले, अम्माच्या पायाशी बसले आणि म्हणाले की ब्रेकबिक काही गेले नव्हते, डोळा लागला होता. बायका दिसल्याच नाहीत. बार्शीहून आले तसे मालकानं त्यांना अकलूजला पाठवलं होतं. थोडं पडू द्या म्हणून त्यांनी विनवलं, तेव्हा मालक म्हणाले होते, झोपायचं असेल तर घरीच झोप, दुसरा ड्रायव्हर बघतो. मग अब्बा आपण होऊन चौकीत गेले. जाताना वाटेत दुसऱ्या ड्रायव्हरांनी त्यांना शिकवलं की ब्रेकचं सांग, नाहीतर सुटायचा नाहीस.

हे कुणाला सांगू नकोस, असं अमिना म्हणाली नाही. तशी गरज तिला वाटली नव्हती.

त्याच आठवड्यात सरांनी वर्गात सांगितलं होतं की शहरातल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पानावर विद्यार्थ्यांच्या लेखाला जागा मिळणार आहे आणि आपल्या शाळेतून एकच लेख जाईल. नीलम्मा घरी आली आणि अव्वानं, तिच्या आईनं, हाक मारली तरी न उठता लिहीत बसली. तिला वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. केराबाईचं वाटत होतं, रज्जाकचाचांचं वाटत होतं. पण लिहिता लिहिता त्या वाईट वाटण्यात एक वेगळीच ऊब येत गेली. आजवर ती बातमीच्या आत शिरायची ती अंदाजानं. या बातमीच्या आत काय होतं ते तिला माहीत होतं, आणि अख्ख्या सोलापुरात दुसऱ्या कुणी ते लिहू शकलं नसतं.

मंद्रूपकर सरांनी लेख शिक्षकांच्या खोलीत वाचला. मग त्यांनी मधलं एक वाक्य बोटानं दाखवलं. ‘या चालकाची मुलगी माझ्या वर्गात आहे.’

“हे पहिलं घे,” ते म्हणाले. “इथूनच सुरुवात कर.”

नंतर त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि मालकाबद्दलचं वाक्य खोडलं. नीलम्मानं विचारलं, ते का. सर म्हणाले, पुरावा नाही. ती म्हणाली, मी नाव लिहिलेलं नाही, सर. तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“नाव नसलं तरी तो ट्रक चन्नप्पा मालकांचा आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ते आपल्या शाळेच्या कमिटीवर आहेत. तुला लेख छापून यायला हवाय ना?”

ट्रकचा चालक कोण हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. नीलम्माच्या ते मनात आलं, जिभेवर आलं. ती म्हणाली, “बरं, सर.” घरी जाऊन तिनं लेख नव्यानं उतरवला. एक वाक्य गेल्यामुळे तो जास्त बांधेसूद झाला, असं तिला वाटलं.

लेख रविवारी छापून आला. खाली नीलम्माचं नाव, इयत्ता, शाळा. संगप्पांनी स्टेशनजवळच्या पेपरवाल्याकडून उरलेले सगळे अंक उचलले आणि बाजारात दुकानादुकानांत वाटले. चन्नप्पा मालकांना तो द्यावा लागला नाही. त्यांनी आधीच वाचला होता, आणि अंक घेऊन ते वकिलाकडे गेले होते. ब्रेक नादुरुस्त होते म्हटल्यावर दोष गाडीच्या मालकाकडे येत होता. चालक झोपला होता म्हटल्यावर तो चालकापाशीच थांबत होता.

मंगळवारी फौजदार शाळेत आले. मोठ्या बाईंच्या खोलीत दोघींना बोलावलं. मंद्रूपकर सर खिडकीपाशी उभे होते. फौजदार रागीट नव्हते. त्यांनी दोघींना बसायला सांगितलं, पण बसलं कुणीच नाही. पेपर टेबलावर उघडा होता. त्यांनी लेखातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं, चालकानं स्वतःच्या घरी कबूल केलं की आपला डोळा लागला होता, आणि नीलम्माला विचारलं, “हे तू मनानं लिहिलंस की हिनं सांगितलं?”

अमिनानं मान वर केली. आदल्या दिवसापासून ती नीलम्माकडे बघत नव्हती, आता बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. मनानं लिहिलं, एवढं नीलम्मा म्हणाली असती तर गोष्ट तिथंच संपत होती. शाळकरी पोरीनं रचून लिहिलं, फौजदार हसून उठले असते. पण मग लेख खोटा ठरला असता. सर खिडकीपाशी उभे होते. ज्यांनी ज्यांनी पाठ थोपटली होती ती सगळी माणसं तिच्या डोळ्यांपुढून गेली.

“हिनं सांगितलं,” नीलम्मा म्हणाली.

फौजदार अमिनाकडे वळले. खरं आहे का, म्हणून विचारलं. अमिनाला खोटं बोलता आलं असतं, पण बाजूला नीलम्मा उभी होती आणि खोटं लगेच उघडं पडलं असतं. तिनं हो म्हटलं. मग एकदम म्हणाली, “मालकानं त्यांना झोपू दिलं नाही. तेपण सांगितलं होतं मी हिला.”

फौजदारांनी पेपर जवळ ओढला. लेख पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. “यात तसं काही नाही,” ते म्हणाले.

“मी सांगितलं होतं,” अमिना म्हणाली. “विचारा तिला.”

फौजदारांनी नीलम्माकडे पाहिलं. नीलम्मानं सरांकडे पाहिलं. सर मोठ्या बाईंना म्हणाले की मुलींचा गणिताचा तास चालू आहे, परीक्षा जवळ आलीय. फौजदारांनी टोपी उचलली. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं.

पुढं रज्जाकला शिक्षा झाली, सक्तमजुरी. ब्रेकचं खोटं सांगितलं हेही त्याच्या विरोधातच गेलं. अमिनाची जबानी कोर्टात वाचून दाखवली तेव्हा तो मान हलवत होता, जणू पोरीचा धडा बरोबर आलाय. चन्नप्पा मालकांनी गाडी रंगवून घेतली आणि नवा ड्रायव्हर ठेवला. केराबाईच्या घरी उरलेला तिचा म्हातारा, हरिबा, कोर्टाच्या आवारात भिंतीला टेकून बसलेला असायचा. निकाल काय लागला ते त्याला कुणी सांगितलं की नाही, कोण जाणे.

अमिनानं शाळा निकालाच्या आधीच सोडली. कमरुन्निसा, तिची आई, आधीपासून विड्या वळायची. आता मायलेकी दोघी वळू लागल्या. परीक्षेच्या थोडं आधी नीलम्मा मॅट्रिकची आपली वाचून झालेली गाईडं आणि लायब्ररीचं एक पुस्तक घेऊन त्यांच्या घरी गेली. आपण चांगलं काम करतोय असं तिला वाटेत वाटत होतं. अमिना सुपात तेंदूची भिजवलेली पानं घेऊन कात्रीनं कापत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. कमरुन्निसानं मात्र पोतं अंथरून दिलं, पाणी दिलं.

“तू लिहिलं ते सगळे म्हणतात लई चांगलं लिहिलं,” कमरुन्निसा म्हणाली. “मला कुणी वाचून दाखवलं नाही. वाच बेटी.”

तिनं फळीवरून पेपरचं पान काढलं. वकिलानं दिलेलं असावं. नीलम्मा म्हणाली, नंतर कधीतरी. कमरुन्निसानं पान पुढं धरलं ते तसंच धरून ठेवलं. नीलम्मानं वाचायला सुरुवात केली. ‘या चालकाची मुलगी माझ्या वर्गात आहे.’ सुरुवातीला तिचा आवाज बारीक येत होता. मग ओळी पुढं सरकल्या, केराबाईच्या सुनांच्या हातातल्या बांगड्यांचं वर्णन आलं, आणि तिचा आवाज आपोआप चढत गेला, शुक्रवारच्या तासाला चढायचा तसा. ते तिच्या लक्षातही आलं नाही. अमिनाच्या लक्षात आलं. तिची कात्री थांबली.

लेखाच्या शेवटी पुस्तक होतं. आगगाडीच्या अपघातांची चौकशी केलेल्या एका अधिकाऱ्याच्या आठवणींचं. ‘हे पुस्तक रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावे,’ नीलम्मानं वाचलं आणि पान खाली ठेवलं.

कमरुन्निसानं पान उचलून त्याची घडी घातली. “त्यांना वाचता येत नाही की,” ती म्हणाली.

नीलम्मानं आणलेली गाईडं पुढं सरकवली. अमिनानं ती उचलून तिच्या पिशवीत परत ठेवली, लायब्ररीचं पुस्तकही ठेवलं, आणि म्हणाली, “जा आता. पानं वाळतात.”

उन्हाळ्यात कमरुन्निसा लेकीला घेऊन केम गावाला भावाकडे राहायला गेली. शिक्षा संपायच्या आतच रज्जाक तुरुंगात कावीळ होऊन वारला. ती बातमी कोणत्याच पेपरात आली नाही. नीलम्माला ती बऱ्याच उशिरा, कॉलेजात असताना, कुणाकडून तरी कळली. त्या दिवशी ती वर्गात बसली नाही. संध्याकाळी घरी आली, दिव्याखाली कोरा कागद घेतला, आणि पहिलं वाक्य कोणतं घ्यावं याचा विचार करू लागली.